गरवायला निघताना: खडप, खाडी, धरण, होडी... सामान कसं लावता?

खडपावरचा

पावसाळा सरत आला की गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, रॉड कुठला घ्यावा, रील कुठलं घ्यावं यावर हमखास चर्चा रंगते. सामान लावायचं कसं, यावर मात्र कुणी फारसं बोलत नाही. माझ्या मते मासा हातचा जातो तो बरेचदा याच पायी. भरती फिरायची वेळ झालेली असते, समोर पेडव्यांचा, म्हणजे बारीक माशांचा, थवा पाण्याबाहेर उसळत असतो, म्हणजे खालून कुणीतरी मोठं त्यांच्या मागे लागलेलं असतं, आणि आपण कातळावर उकिडवे बसून मोठ्या पेटीत स्विव्हल (दोरीला पीळ पडू नये म्हणून लावायची फिरती कडी) शोधत असतो. तो थवा काही आपल्यासाठी थांबत नाही.

माझं म्हणणं असं की सामान वस्तूंप्रमाणे लावू नये, जागेप्रमाणे लावावं. सगळे गळ एका डब्यात, सगळं शिसं दुसऱ्यात, सगळे लुअर म्हणजे खोटी आमिषं तिसऱ्यात असं लावलं की दिसायला झकास दिसतं, पण निघताना तिन्ही डबे उचलावे लागतात. त्यातलं निम्मं सामान त्या दिवशी लागतच नाही. मी खडप (समुद्राकाठचा कातळ), खाडी, गोडं पाणी आणि होडी असे चार डबे केले आहेत. डबा उचलला की त्या जागेला लागणारं सगळं त्यात असलंच पाहिजे. स्विव्हल, स्नॅप, स्प्लिट रिंग अशा बारीक वस्तू त्यामुळे चार-चार ठिकाणी ठेवाव्या लागतात, पण त्या स्वस्त असतात. पक्कड, माशाचा जबडा धरायची लिप ग्रिप, हेडलॅम्प, कात्री, वजनकाटा या महागाच्या वस्तू एकेकच. त्या कंबरेच्या पिशवीत असतात आणि ती पिशवी कुठेही गेलो तरी बरोबर येते.

आता खडपाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण माझा जीव तिथे रमतो. खडपावर चालताना दोन्ही हात मोकळे पाहिजेत. शेवाळ असतं, कालवांच्या धारा असतात, आणि लाट कधी पायाशी येईल सांगता येत नाही. हातात धरायची पेटी तिथे नकोच. पाठीवर सॅक, सॅकमध्ये एकच चपटा डबा, बास. त्यात २० ते ४० ग्रॅमचे चमचे म्हणजे स्पून, ३० ते ६० ग्रॅमचे मेटल जिग, दोन पॉपर, दोन स्टिकबेट, सगळे लुअरचेच प्रकार. स्पून आणि जिगवरचे तीन काट्यांचे ट्रेबल काढून मी एकेरी गळ लावतो. कपारीत कमी अडकतात आणि सोडायचा मासा पटकन सुटतो.

लीडर, म्हणजे मुख्य दोरीच्या टोकाचा जाड तंगुसाचा (नायलॉनच्या दोरीचा) तुकडा, घरूनच बांधून न्यावा. ब्रेड, म्हणजे विणलेली मुख्य दोरी, ओढीला कितीही भक्कम असली तरी कातळावर घासली की तुटते. ती ताणलीही जात नाही. त्यामुळे खडपावर ४० ते ५० पौंडांचा, म्हणजे साधारण १८ ते २३ किलो ओढ सहन करणारा लीडर लागतो. गोबरा मासा गळाला लागला की सरळ कपारीत शिरतो आणि कल्ले फुगवून बसतो. पहिल्या काही सेकंदांत त्याला वर काढला नाही तर लीडर काय नि रॉड काय, काही उपयोग नाही. दीड-दोन मीटरचे तुकडे, एका टोकाला स्नॅप बांधून, फोमच्या चकतीवर गुंडाळून ठेवतो. वारं सुटलेलं असताना ओल्या हातांनी गाठ मारत बसावं लागत नाही.

आमिष लावून तळाला टाकणार असाल तर शिसं जाणार हे गृहीत धरा. शिसं मुख्य दोरीला न बांधता बारीक तंगुसाच्या वेगळ्या तुकड्याने बांधा. अडकलं तर तेवढाच तुकडा तुटतो, गळ आणि मासा परत येतो. गॅरेजमधून जुने स्पार्क प्लग मागून आणले तर वजन म्हणून उत्तम चालतात आणि तेवढंच शिसं समुद्रात कमी पडतं.

खाडीचा डबा याहून अगदी निराळा. तिथे ९ ते १२ सेंटिमीटरचे मिनो (माशाच्या आकाराचे लुअर), ७, १० आणि १४ ग्रॅमचे जिगहेड (वजनाचं डोकं असलेले गळ), आणि त्यांवर लावायचे तीन-चार इंचांचे रबरी मासे म्हणजे शॅड. नजर जिताडा आणि तांबोशी या माशांवर. जिताड्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड इतकी धारदार असते की बारीक लीडर तिथेच कापला जातो. म्हणून मासा तीन किलोचा असो की आठचा, ३० ते ४० पौंडांखाली उतरू नये. जिताडा आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो, म्हणजे मोठा जिताडा ही बहुतेक वेळा अंड्यांची मादी. खाडी टिकवायची तर ती परत पाण्यात गेली पाहिजे. यासाठी खाडीच्या सामानात बिनगाठीचं रबरी हातजाळं कायम ठेवा. दोऱ्याच्या जाळ्यात माशाचे खवले निघतात आणि ट्रेबल अडकून बसतो तो वेगळाच.

आणखी एक डबा सगळीकडे बरोबर असतो, तो म्हणजे ‘ओला डबा’. खाली भोकं पाडलेला साधा प्लॅस्टिकचा डबा. एकदा खाऱ्या पाण्यात गेलेला लुअर त्या दिवशी मूळ डब्यात परत जात नाही, ओल्या डब्यात जातो. घरी धुऊन सुकला की मगच आपल्या खणात.

तुम्ही कसं लावता ते लिहा. गोड्या पाण्यातल्या मंडळींनी तर नक्की लिहा, तिथला माझा डबा अजून मनासारखा झालेला नाही.

नवा गळ

फार उपयोगी धागा. मी ठाण्यात राहतो. भावाने ७ फुटी रॉड आणि ४००० नंबरचं रील भेट दिलंय. चार डबे इतक्यात जमणार नाहीत, तर सुरुवात कुठल्या डब्याने करू? दुकानदार ३६०० आणि ३७०० असे डब्यांचे नंबर सांगतो, त्यातला कुठला घेऊ?

खडपावरचा

स्वागत! ३६०० म्हणजे साधारण २८ बाय १८ सेंटिमीटर, साडेचार सेंटिमीटर उंच. ३७०० म्हणजे ३६ बाय २३. सॅकमध्ये ३६०० उभा मावतो, म्हणून तोच घ्या. सरकत्या पट्ट्यांचे खण असलेला घ्या, कायमच्या खणांचा नको. मिनो लांब असतात, स्पून आखूड. ७ फुटी रॉडला खाडीच बरी. खडपावर ९-१० फुटी रॉड लागतो, नाहीतर दोरी समोरच्या कातळावर घासत राहते.

बुचावर नजर

सांगलीहून नमस्कार. जागेप्रमाणे डबा हे पटलं. पण गोड्या पाण्यात तेवढ्याने भागत नाही, डब्याच्या आतही पाण्याच्या थराप्रमाणे लावावं लागतं. कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या, मृगळ तळाला. माझ्या डब्यात तसेच तीन कप्पे आहेत. वरच्यात पाण्यावर तरंगणारी बुचं, बारीक शिशाचे मणी आणि हलके गळ. मधल्यात सरकतं बूच आणि ते अडवायला दोऱ्याच्या गाठी. खालच्यात तळाला टाकायचं वजन आणि फीडरच्या, म्हणजे आमिष भरून टाकायच्या, जाळीदार डब्या. घाटावर पोचलो की आधी मासा कुठे बुडबुडे सोडतोय, कुठे शेपटी मारतोय ते बघायचं आणि तेवढाच कप्पा उघडायचा.

नवा गळ यांच्यासाठी एक गोष्ट. गळाचे नंबर उलटे चालतात. १० नंबरचा गळ ४ नंबरपेक्षा लहान. १ नंबरनंतर मात्र १/०, २/०, ३/० असे चढत जातात आणि गळ मोठा होत जातो. कणकेच्या गोळीला मी ४ ते ८ नंबर वापरतो. पाकिटं फेकू नका, त्यावरचा नंबर कापून खणात चिकटवा. सुटा गळ नुसत्या नजरेने ओळखायला फार सराव लागतो.

आमिषाबद्दल माझा नियम कडक आहे: आमिष सामानाच्या पिशवीत जाणार नाही म्हणजे नाही. शेंगदाण्याची पेंड, भाजलेला कोंडा, कणीक, चिमूटभर हिंग हे सगळं वेगळ्या झाकणाच्या बादलीत, आणि कालवायचं ते घाटावर जाऊनच. पेंड सांडली की रीलच्या बेअरिंगपर्यंत पीठ जातं, मुंग्या लागतात, आणि पुढच्या खेपेला उंदीर पिशवी कुरतडतो. गांडुळं ओल्या मातीत, सुती कापडाने तोंड बांधलेल्या डबीत, सावलीला. जुना टॉवेल हवाच. हिंगाच्या हाताने रॉड धरला की मुठीचा वास वर्षभर जात नाही.

मरळीचं सामान मात्र मी या डब्यात ठेवत नाही. त्याची वेगळी छोटी डबी: दोन-तीन रबरी बेडूक, एक कात्री, संपलं. पाणवेलीतून मरळ ओढून काढायची तर ४०-५० पौंडांची ब्रेड थेट बेडकाला बांधायची. पावसाळ्याच्या आसपास पाण्यावर लालसर पिल्लांचा पुंजका गोल गोल फिरताना दिसला, तर त्याच्या खाली आई-बाप राखणीला असतात. तिथे बेडूक टाकला की ते धावून येतात हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणूनच तिथे टाकू नये. मोठी मरळ गेली की तो अख्खा पुंजका इतर माशांच्या पोटात जातो.

पिशवीच्या पुढच्या खिशात झिपच्या पाकिटात परवानगीचा कागद ठेवा. बहुतेक धरणं आणि तलाव मासेमारीसाठी सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात. त्या पाण्यातल्या बीजाला त्यांचे पैसे लागलेले असतात, त्यामुळे संस्थेला विचारल्याशिवाय गळ टाकणं बरोबर नाही. काही ठिकाणी तर विचारूही नये. महाडजवळच्या वाळण कोंडीतल्या महाशीरांना लोक देवाचे मासे मानतात, तिथे चुरमुरे टाकून हात जोडावेत आणि पुढे जावं.

आमच्या कृष्णेत भिलवडी, औदुंबर भागात मगरी आहेत. मासा घ्यायला गुडघाभर पाण्यात उतरायची सवय इथे जिवावर बेतू शकते. म्हणून माझ्या सामानात लांब दांड्याचं जाळं रॉडइतकंच महत्त्वाचं. आणि कार्बनचा रॉड वीज वाहून नेतो हे विसरू नका. वळवाच्या दिवसांत गडगडाट ऐकू आला की रॉड खाली ठेवायचा. शेताच्या बांधावरून जाताना वर विजेच्या तारा असतील तर रॉड सुटा करूनच न्यायचा.

संगमावरची

देवबागला आमच्या एका हाताला कर्ली नदी आणि दुसऱ्या हाताला दर्या. त्यामुळे एकाच सकाळी दोन्हीकडे गरवता येतं. माझ्याकडे रॉड अलीकडे आलाय, हातदोर मात्र लहानपणापासूनची. तिचं सामान एका टोपलीत मावतं. लाकडी फळीवर गुंडाळलेला तंगूस, शिशाचे दोन-तीन तुकडे, सुरी, आणि गऱ्या (गळ) टोचून ठेवायला नारळाचं सोडण, म्हणजे वरचं तंतूंचं साल. आजीच्या सोडणावर गऱ्या ओळीने असायच्या. एका टोकाला मुडदुशीच्या बारीक, दुसऱ्या टोकाला तांबोशीच्या जाड. अंधारातही बोट फिरवून हवी ती गरी ती काढायची. मोठी माणसं वापरतात तो फोम मला तिच्या सोडणापेक्षा काही फार वेगळा वाटत नाही. फरक एवढाच की सोडण ओलं राहिलं तर गऱ्या गंजतात, ते रोज उन्हात ठेवावं लागतं.

तिचं एक सांगणं आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे: “भिजलली गरी सुक्यात ठेव नको.” खडपावरचा यांचा ओला डबा म्हणजे तेच. एका गरीला गंज धरला की हवाबंद डब्यातल्या दमट हवेने शेजारच्या सगळ्या खराब होतात. डबा जितका घट्ट, तितकं हे जास्त. कारण बाहेरचं पाणी आत येत नाही तसं आतलं बाहेर जात नाही.

खाऱ्या पाण्यातून आल्यावर मी काय करते ते लिहिते, कारण इथे बरेच जण नळीने जोराचं पाणी मारतात असं दिसतं. जोराच्या पाण्याने मीठ निघत नाही, आत ढकललं जातं. रीलचा ड्रॅग (मासा ओढेल तेव्हा दोरी किती सहज सुटावी ते ठरवणारा भाग) आधी पूर्ण आवळायचा, म्हणजे वॉशरमध्ये पाणी शिरत नाही. मग गोड्या पाण्याचा हलका शिडकावा, कापडाने पुसायचं, हँडल थोडं फिरवायचं आणि सावलीत ठेवायचं. सुकल्यावर ड्रॅग सैल सोडायचा, नाहीतर आतले वॉशर दाबून बसतात. लुअर बादलीभर गोड्या पाण्यात अर्धा तास बुडवायचे, पाणी बदलून पुन्हा एकदा. रात्रभर पंख्याखाली. रॉडच्या कड्यांमधून कापूस फिरवून बघायचा. कुठे तंतू अडकला तर आतली रिंग तडकलेली आहे, ती पुढच्या मोठ्या माशाला दोरी कापणार हे नक्की समजा. हे तीन मिनिटांचं काम कुणी करत नाही आणि मग दोरीला दोष देतात.

हलका गंज आलेली गरी व्हिनेगरमध्ये ठेवून घासली तर साफ होते, पण टोक बघा. नखावर टेकवून हलकेच ओढल्यावर घसरली तर ती बोथट आहे. कानशीने धार काढा, नाहीतर टाकून द्या.

पेटीवाला

मी नेमका उलट लावतो. प्रकाराप्रमाणे, मोठ्या पेटीत, थरावर थर. कुठे जायचं ते माझं आदल्या रात्री ठरतं आणि त्या दिवशी त्या पाण्यात काय चालेल ते महिन्यागणिक बदलतं. वर्षभर एकच ‘खाडीचा डबा’ ठेवला तर डिसेंबरच्या स्वच्छ पाण्यातले लुअर सप्टेंबरच्या गढूळ पाण्यात घेऊन बसाल. आणि चार डब्यांत वाटून टाकल्यावर कुठला मिनो कुठल्या डब्यात गेला हे शोधण्यात वेळ जातो तो वेगळाच.

रबरी आमिषांबद्दल एक सांगतो, कारण वर कुणी लिहिलं नाही. ती सुटी करून खणात ठेवू नका. त्यातलं मऊ ठेवणारं तेल साध्या प्लॅस्टिकच्या डब्याला वितळवतं, तळ चिकट होतो, आणि गडद रंगाचा शॅड पांढऱ्याला लागून ठेवला की त्याचा रंग याला लागतो, तो निघत नाही. काही ताणणारी नवी रबरं साध्या रबराला लागली की दोन्हींचा मिळून गोळा होतो. मूळ पाकिटातच ठेवा आणि पाकिटं कापडी फाइलमध्ये उभी लावा. रंग बाहेरून दिसतो.

खडपावरचा

पेटीवाले साहेब, गढूळ आणि स्वच्छ पाण्याचा मुद्दा महत्त्वाचा आहे आणि त्याचं उत्तर तुमच्या पेटीतच आहे. घरी कोठार, बरोबर शिदोरी. घरातलं कपाट प्रकाराप्रमाणेच लावावं, माझंही तसंच आहे. पण दाराबाहेर जाणारा डबा जागेचा आणि हंगामाचा हवा. पावसाळा ओसरताना खाडीच्या डब्यातले पारदर्शक मिनो कपाटात जातात आणि सोनेरी, नारिंगी, खुळखुळणारे आत येतात. थंडीत पाणी निवळलं की उलट. तुमच्या पेटीचा तोटा मला एकच दिसतो: ती खडपावर नेता येत नाही, आणि गाडीत ठेवली तर प्रत्येक लुअर बदलायला गाडीपर्यंत यावं लागतं. मग माणूस बदलायचा कंटाळा करतो आणि चुकीचाच लुअर टाकत राहतो.

पेटीवाला

कोठार आणि शिदोरी हे मान्य. गाडीपर्यंत येण्याचा कंटाळा हेही खरं आहे. पण होडीत माझी पेटीच बरी, तिथे चालावं लागत नाही.

वल्हं आणि शीड

होडीचं मी सांगतो, आमचं घर रेवदंड्याकडे, पिढ्यान्‌पिढ्या डोलीचा (पाण्यात बांधून ठेवायच्या पिशवीसारख्या जाळ्याचा) धंदा. टणक, कोपऱ्याची मोठी पेटी होडीत नको. लाट आली की ती घसरते आणि कुणाच्या तरी नडगीवर आदळते. मऊ, तळाला रबर असलेली पिशवी घ्या आणि ती फळीखाली बांधा. मोठे जिग, १०० ते २०० ग्रॅमचे, एकेक कापडी पट्टीत गुंडाळून ठेवा. उघडा गळ होडीच्या तळाला पडता कामा नये, आम्ही अनवाणी असतो. लाइफ जॅकेट अंगात असू द्या, पिशवीत नको. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. त्या दिवसांत कुणी जास्त पैसे देऊन ‘चला, जवळच जाऊ’ म्हणालं तरी जाऊ नका, दर्याही ऐकत नाही.

गरवणाऱ्या मंडळींना एक विनंती मनापासून. बोये (जाळ्याचे तरंगते गोळे) दिसले की तिथे जाळं आहे हे समजा आणि लांब टाका. जाळ्यात अडकलेला ट्रेबल ओढून काढलात तर जाळं फाटतं, आणि तोडून दिलात तर पहाटे अंधारात जाळं ओढणाऱ्याच्या तळव्यात जातो. माझ्या चुलत्याच्या अंगठ्याच्या मुळाशी असा गळ शिरला होता, आठवडाभर हात उचलता येत नव्हता. अडकलंच तर जवळच्या बंदरावर येऊन सांगा, आम्ही काढून देतो, कुणी रागावत नाही.

तुटलेला तंगूस पाण्यात टाकू नका. तो कुजत नाही. पक्ष्यांच्या पायात आणि कासवांच्या मानेत अडकतो. वेळासला आणि कोकणातल्या इतर किनाऱ्यांवर थंडीत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, ती याच पाण्यातून येतात. रुंद तोंडाची एक रिकामी बाटली पिशवीला बांधा आणि प्रत्येक तुकडा तिच्यात.

औषधाची डबी कुणी लिहिली नाही म्हणून लिहितो. शिंगाळ्याचे तीन काटे, पाठीवरचा एक आणि कल्ल्यांमागचे दोन, आणि पाकटाच्या शेपटीचा काटा, हे विषारी असतात. मासा हाताने न धरता पक्कडीने गळ सोडवा. काटा लागलाच तर जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवा, त्याने कळ कमी होते, आणि दवाखान्यात जा. गरम पाण्याचा थर्मास म्हणूनच बरोबर ठेवायचा, चहाचा वेगळा. गळ हातात टोकामागच्या उलट्या काट्यापर्यंत रुतला तर ओढाओढी न करता दोरी कापून डॉक्टरकडे जा. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलंय ते लक्षात ठेवा.

टेम्सकाठ

गरम पाण्याच्या थर्मासची कल्पना उचलतो आहे. इंग्लंडमधून थोडी भर घालतो, कारण इथे सामान लावताना कायदा आधी बघावा लागतो. ०.०६ ग्रॅमहून जड आणि २८.३५ ग्रॅमपर्यंतचं शिशाचं वजन गळासाठी वापरायला बंदी आहे. हंस तळातले खडे खाताना बारीक शिसं गिळत आणि विषबाधेने मरत, म्हणून १९८७ पासून हे लागू झालं. त्यामुळे माझ्याकडे दोन डबे आहेत. इथल्या डब्यात कथिलाची आणि टंगस्टनची वजनं, आणि सुट्टीत घरी येताना आणायचा डबा वेगळा. ते कधी एकत्र येऊ देत नाही. भारतात बंदी असो-नसो, शिशाचा मणी दाताने दाबायची सवय तेवढी सगळ्यांनी सोडावी. ते विष आहे आणि लहान मुलं आपलं बघून तसंच करतात.

गोड्या पाण्यासाठी तेरा वर्षांपासून पुढे प्रत्येकाला रॉडचा परवाना लागतो. नद्यांमध्ये कार्पसारख्या माशांसाठी १५ मार्च ते १५ जून बंदी असते. हे तीन महिने मी सगळं सामान उपसतो, दोऱ्या बदलतो, गाठी नव्याने बांधतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात नेमकं हेच करता येईल. त्या दिवसांत चढणीचे मासे अंड्यांनी भरलेले असतात, त्यांना वर जाऊ द्यावं आणि आपण घरी बसून रील उघडावं.

एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यावर जाताना जाळं, बूट, पिशवी तपासून, धुऊन, पूर्ण सुकवूनच न्यायची पद्धत इथे आहे. ओल्या जाळ्यातून रोग आणि परके जीव एका पाण्यातून दुसऱ्यात जातात. महाराष्ट्रात चिलापी (बाहेरून आलेला तिलापिया मासा) कुठे कुठे पोचली ते बघता ही सवय तिथेही लावून घ्यायला हवी.

विमानाने येणाऱ्यांनी गळ, लुअर, सुरी, पक्कड सगळं चेक-इनमध्ये टाका. केबिनमध्ये अडवतात. चार तुकड्यांचा ट्रॅव्हल रॉड मोठ्या बॅगेत तिरका बसतो.

बुचावर नजर

चिलापीबद्दल अगदी खरं. उजनीत तर आता बऱ्याच जणांच्या ताटात तीच असते. आमच्याकडे पोरं जिवंत आमिष म्हणून दुसऱ्या तळ्यातले बारीक मासे बाटलीत घेऊन येतात, उरलेले पाण्यात ओततात. तेही थांबायला हवं.

रॉड नेण्यावरून आठवलं. एसटीने किंवा मोटारसायकलने जाणाऱ्यांनी तीन इंची पीव्हीसी पाइप घ्या, एका टोकाला कायमचं टोपण, दुसऱ्याला आट्यांचं. आत फोमचा तुकडा. गाडीला लांबीत बांधायचा, आडवा नाही.

नवा गळ

सगळ्यांचे मनापासून आभार. आज ३६०० चा डबा आणला. खाडीसाठी तीन मिनो (एक सोनेरी, एक नारिंगी, एक चंदेरी), १० आणि १४ ग्रॅमचे जिगहेड, शॅडची दोन पाकिटं, ३५ पौंडांचा लीडर, पक्कड, बाटली आणि टॉवेल घेतला. ओला डबा घरच्या जुन्या डब्याला भोकं पाडून केला. रविवारी मित्रासोबत कुंडलिकेच्या खाडीवर जायचंय. वेळ कुठली धरू? आणि डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकल्यात, त्या किती दिवस चालतात?

खडपावरचा

रविवारी पंचमी आहे ना? मग तिथीची पाऊणपट करा, पाच पाऊणे पावणेचार. साधारण पावणेचारला भरती पूर्ण होईल. हा हिशेब मुंबईच्या आसपासचा आणि ढोबळ आहे. खाडीत आत शिरावं तसं पाणी उशिरा चढतं, म्हणून भरतीचं कोष्टकही बघा. तीनला पोचून डबा उघडा, लीडर आधीच बांधलेला असू द्या, आणि ओहोटी लागल्यावर जिथे कांदळवनातून बारीक ओहोळ खाडीत उतरतो तिथे मिनो टाका. पाणी उतरायला लागलं की बारीक मासे, कोळंबी त्या तोंडातून बाहेर येतात आणि जिताडा तिथेच दबा धरून असतो. १४ ग्रॅमचे जिगहेड पाण्याची ओढ जोरात असेल तरच, नाहीतर १० चेच. चिखलात रुतायचं नसेल तर उतरती वेळ लक्षात ठेवून परतीची वाट आधीच बघून घ्या.

संगमावरची

सिलिका जेल किती दिवस ते हवेवर आहे. निळे दाणे गुलाबी झाले की ते ओल पिऊन भरले. नारिंगी असतील तर हिरवट होतात. सुटे दाणे असतील तर जुन्या कढईत मंद आचेवर परतले की पुन्हा पहिल्या रंगावर येतात, मात्र ती कढई स्वयंपाकाला वापरू नका. कागदी पुड्या कढईत टाकू नका, त्या बदललेल्याच बऱ्या. आणि रविवारी घरी आल्यावर डबा लगेच बंद करू नका, झाकण उघडं ठेवून रात्रभर पंख्याखाली असू द्या.